काच पुसणारा हात

मृगाचा पहिला पाऊस कोसळला की वृत्तपत्रांच्या पानांवर दोन प्रकारची वर्णने ठरल्याप्रमाणे येतात. एक, तप्त धरित्री तृप्त झाल्याचे. आणि दुसरे, अमुक घाटात बस कठड्यावर आदळल्याचे, तमुक वळणावर तिची समोरच्या मालमोटारीशी टक्कर झाल्याचे. पहिल्या वर्णनात कविप्रतिभेला वाव असतो. दुसऱ्यात बहुधा एकच वाक्य असते : मुसळधार पावसामुळे चालकास समोरचे दिसले नाही. या एका वाक्याने चौकशीचे काम जणू संपते. पाऊस निसर्गाचा, न दिसणे दैवाचे आणि अखेरीस चूक चालकाची, अशी वाटणी होऊन प्रकरण दप्तरी दाखल होते. पावसात चालकास दिसावे म्हणूनच काचेवर जो एक लोखंडी हात बसवलेला असतो, तो त्या वेळी चालत होता की नाही, ही विचारणा मात्र क्वचितच कोणी करतो. आज आम्ही ती करू इच्छितो.

विषय क्षुल्लक वाटेल, हे आम्ही जाणतो. राज्यापुढे एवढे गहन प्रश्न उभे असता बसच्या वायपरवर अग्रलेख कसला लिहिता, असा आक्षेप काही वाचक घेतील. त्यांनी कृपा करून थोडे गणित मांडून पाहावे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी बस एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा नियमानुसार वायपरचा जलद वेग मिनिटास किमान ४५ फेऱ्यांचा असला पाहिजे; म्हणजे जाऊन येऊन एक पूर्ण फेरा सव्वा ते दीड सेकंदात व्हावयास हवा. हाच वायपर थकून मिनिटास १५ फेऱ्यांवर आला, तर एका फेऱ्यास ४ सेकंद लागतात आणि तेवढ्या अवधीत गाडी ६५ मीटरांहून अधिक पुढे गेलेली असते. घाटातील ताशी ३० किलोमीटरच्या वेगातसुद्धा हे अंतर ३३ मीटर भरते. आणि आंबोलीच्या किंवा कुंभार्लीच्या कित्येक वळणांवर तेवढा रस्ता मुळी समोर दिसतच नाही. पन्नास माणसे पाठीशी घेऊन निघालेला चालक अशा प्रसंगी अंदाजाने गाडी हाकत असतो. हा विषय क्षुल्लक आहे असे ज्यांस अजूनही वाटत असेल, त्यांच्याशी आमचा वाद नाही. त्यांनी पावसाळ्यात एकदा घाटातून रात्रीचा प्रवास करावा, एवढीच आमची विनंती आहे.

काच पुसण्याच्या या साधनाचा जन्मच सार्वजनिक वाहनाच्या संदर्भात झाला, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या मेरी अँडरसन या बाई विसाव्या शतकाच्या आरंभी हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या असता, ट्रामचा चालक बर्फाळ पावसात समोरची काच उघडून, तोंडावर वारा झेलत गाडी हाकीत असल्याचे त्यांनी पाहिले. काच मिटावी तर दिसत नाही आणि उघडावी तर गारठा सोसवत नाही, असा तो पेच होता. आतून दांडा फिरवून बाहेरची काच पुसता येईल अशी युक्ती त्यांनी शोधली आणि १९०३ साली तिचे पेटंट मिळवले. पुढे ते विकावयास काढले, तेव्हा कॅनडातील एका व्यापारी पेढीने या वस्तूस बाजारात मोल नाही, अशा अर्थाचे उत्तर दिले. पेटंटाची मुदत १९२० साली सरली, मोटारींचा प्रसार झाला आणि काच पुसणे अपरिहार्य ठरले. परंतु त्या बाईंच्या पदरी काही पडले नाही. चालकाच्या दृष्टीचे मोल हिशेबनिसाच्या वहीत सहसा दिसत नाही. ही रीत तेव्हापासूनची आहे आणि आजही ती पुरती बदललेली नाही.

हाताने फिरवण्याच्या दांड्यानंतर इंजिनाच्या शोषणशक्तीवर चालणारे वायपर आले. त्यांचा दोष असा की चढावर किंवा वेग घेताना, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी, ते मंदावत. डिझेल इंजिनात तर ही शोषणशक्ती पुरेशी मिळतच नाही. तेव्हा अवजड गाड्या बांधणाऱ्यांची दृष्टी गाडीत आधीच उपलब्ध असलेल्या दुसऱ्या एका शक्तीकडे गेली. ती म्हणजे ब्रेकसाठी साठवलेली दाबाची हवा. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ साली रेल्वेसाठी हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले आणि कालांतराने तेच तत्त्व बस व मालमोटारींत आले. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर हवा दाबून टाकीत भरतो. अमेरिकी गाड्यांत हा दाब दर चौरस इंचास साधारणतः १०० ते १२० पौंड असतो. याच हवेतून एक बारीक नळी चालकापुढच्या काचेपर्यंत नेली की वायपर चालवण्यास वेगळी शक्ती शोधावी लागत नाही. जनरल मोटर्स, एमसीआय आणि ईगल यांच्या लांब पल्ल्याच्या जुन्या अमेरिकी बसगाड्या याच रीतीने आपली काच पुसत. आपल्या रेल्वेच्या डिझेल व विजेच्या इंजिनांवरही हवेचे वायपर दीर्घकाळ वापरात आहेत.

या यंत्राची रचना मोठी सुटसुटीत आहे. एका लहान नळकांड्यात दट्ट्या असतो. हवा एका बाजूने शिरून त्यास ढकलते. दट्ट्यास जोडलेले दाते एका लहान दंतचक्रास फिरवतात आणि त्या चक्राच्या अक्षावर बसवलेला हात काचेवरून सरकतो. दट्ट्या टोकास पोचताच एक झडप पालटते, हवा दुसऱ्या बाजूने येऊ लागते आणि हात परत फिरतो. चालकापुढील खुंटी थोडी अधिक उघडली की वेग वाढतो, थोडी मिटली की कमी होतो. हात कशात अडकला तर विजेची मोटर जळण्याचा संभव असतो. हवेची मोटर मात्र नुसती थांबून राहते आणि अडथळा दूर होताच पुन्हा चालू लागते. शिवाय उजव्या व डाव्या काचेस स्वतंत्र मोटर असल्याने एक बंद पडली तरी दुसरी चालते. इतके गुण असूनही या वायपरांची अपकीर्ती झाली. अमेरिकेतील जुन्या बसगाड्या हौसेने बाळगणाऱ्यांपैकी अनेकांनी ते काढून त्यांच्या जागी विजेचे बसवले. याचे कारण यंत्राच्या रचनेपेक्षा त्याच्या निगेत शोधावे लागते.

हवा दाबली की तापते आणि टाकीत जाऊन निवली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. कॉम्प्रेसर झिजलेला असेल तर त्याच्या तेलाचे कण हवेबरोबर येतात. हे पाणी आणि तेल मिळून एक चिकट रबडी तयार होते. टाकीच्या तळाशी असलेली तोटी रोज उघडून ती बाहेर सोडली नाही, तर ती नळ्यांतून पुढे सरकते आणि वायपरच्या नाजूक झडपेत जाऊन बसते. मग झडप वेळेवर पालटत नाही, दट्ट्याभोवतीची रबरी कडी फुगतात किंवा वाळतात आणि हात मध्येच थबकतो. चालक खुंटी पूर्ण उघडतो, हात दोनदा धडपडतो आणि पुन्हा निपचित पडतो. मेकॅनिकास बोलावले की तो वायपरकडे बोट दाखवतो. खरा रोगी मात्र टाकी असते.

म्हणून जाणता कारागीर दोष शोधताना एक क्रम पाळतो. काच प्रथम ओली करून तो वायपर चालवून पाहतो, कारण कोरड्या काचेवर उत्तम वायपरही अडखळतो आणि त्याचे रबर मात्र विनाकारण घासून निघते. नंतर तो हात काचेपासून वर उचलतो. अधांतरी तो मोकळा फिरत असेल, तर दोष रबराचा किंवा काचेवर बसलेल्या तेलकट पटलाचा असतो. तसाही तो जड फिरत असेल, तर मोटरीत येणारी नळी सुटी करून हवा जोराने येते की नाही हे तो बघतो. हवाच क्षीण असेल तर मोटर उघडण्यात अर्थ नसतो. नळी कोठे चेपली आहे, गाळणी तुंबली आहे काय, खुंटीची झडप पूर्ण उघडते काय, याचा मागोवा त्यास टाकीपर्यंत घ्यावा लागतो. सांध्यांवर साबणाचे पाणी लावले की बुडबुडे गळतीची जागा दाखवून देतात. हवा भरपूर येत असूनही हात रेंगाळत असेल, तेव्हाच तो मोटर खोलतो, मळ धुतो, रबरी कडी बदलतो आणि हलक्या तेलाचे थोडेच थेंब देतो. तेथे जाड ग्रीस भरणे म्हणजे झडपेचा गळा दाबणे होय. या साऱ्या क्रमात अलौकिक असे काही नाही. लागतो तो थोडा वेळ, थोडी शिस्त आणि बिघाड जेथे दिसतो तेथेच तो उपजला असेल असे न मानण्याचा विवेक.

या विवेचनातून निघणारा मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हवेच्या वायपरची हवा आणि ब्रेकची हवा एकाच कॉम्प्रेसरमधून येते. वायपरसारख्या दुय्यम उपकरणांची हवा सुरक्षित रचनेत एका संरक्षक झडपेतून घेतली जाते. दाब घसरू लागला की ती झडप त्यांची हवा आधी तोडते, जेणेकरून ब्रेक शाबूत राहावेत. जुन्या गाडीत अशी झडप नसेल किंवा असून बिघडली असेल, तर वायपरच्या नळीतील गळती ब्रेकच्या साठ्यातूनच हवा खाऊ लागते. दोन्ही परिस्थितींत रेंगाळणारा वायपर हा एक निरोप असतो. गाडीचा श्वास कोंडला आहे, टाकीत पाणी साचले आहे, कोठे तरी गळती आहे, असे तो चालकाच्या डोळ्यांसमोर हातवारे करून सांगत असतो. ज्या आगारात हा निरोप ऐकला जातो, तेथे ब्रेकही सुस्थितीत राहतात. जेथे तो 'चालायचेच' म्हणून टाळला जातो, तेथे पुढची वार्ता घाटाच्या तळाकडून येते.

आपल्याकडील बहुतेक बसगाड्यांचे वायपर विजेच्या मोटरीवर चालतात, हे आम्हांस ठाऊक आहे. तथापि त्यामुळे वरील बोध निरर्थक ठरत नाही. आपल्या बसगाड्यांचे ब्रेक हवेचेच आहेत आणि दमट कोकणात टाकीत पाणी अधिकच साचते. हवा कोरडी करणारे उपकरण नव्या गाड्यांत असते. पण त्यासही मुदतीत बदलावे लागणारे अंतरंग आहे. शिवाय विजेच्या वायपरचे दुखणेही त्याच जातीचे असते. वायर सैल होते, दांड्यांचे सांधे झिजतात, अक्ष गंजतो. आणि रबर तर सर्वांचेच वाळते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात वैशाखभर तापलेले रबर कडक होऊन चिरते आणि तीच गाडी ज्येष्ठात कोकणाच्या फेरीवर निघते. महाबळेश्वरास वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा भूमीत वायपर ही ऋतुमानापुरती हौस मानणे म्हणजे कोळ्याने होडीच्या वल्ह्याकडे दुर्लक्ष करण्यासारखे आहे.

दिनांक १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. तेव्हापासून एस. टी. ने या राज्यातील खेड्यास बाजाराशी, विद्यार्थ्यास शाळेशी आणि रुग्णास रुग्णालयाशी जोडले. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील तिच्या मध्यवर्ती कार्यशाळांत गाड्यांचे सांगाडे बांधणारे हात कुशल आहेत, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. ज्यांना आख्खी बस उभी करता येते, त्यांना एक वायपर चालू ठेवता येत नाही असे कोण म्हणेल? न्यून कौशल्याचे नसून व्यवस्थेचे आहे. सायंकाळी चालक आगारात येतो आणि वहीत लिहितो : वायपर बंद. रात्रपाळीचा मेकॅनिक आधी बंद पडलेली गाडी पाहतो, मग पंक्चर पाहतो, मग गळका गिअर-बॉक्स पाहतो. वायपर नसला म्हणून गाडी जागची हलत नाही असे होत नाही. म्हणून त्याचा क्रमांक शेवटी लागतो आणि बहुधा लागतच नाही. भांडारात रबर नसते. मागणीपत्र गेलेले असते. पहाटे दुसरा चालक तीच गाडी घेऊन निघतो. आभाळ भरून आले की तो कापलेला बटाटा अथवा तंबाखू काचेवर चोळून घेतो आणि परमेश्वराचे नाव घेतो. हा तोडगा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो चालकाच्या हुशारीचे प्रमाणपत्र असेल, पण व्यवस्थेवरचा तो अभिप्रायही आहे.

यात आपणां पांढरपेशा प्रवाशांचा वाटा नाही, असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही. धो-धो पावसात काच दिसेनाशी झाली म्हणून एखादा चालक गाडी रस्त्याच्या कडेस उभी करतो, तेव्हा पहिला त्रासिक आवाज आपल्याच आसनावरून उठतो. कचेरीची वेळ, पुढची आगगाडी, लग्नाचा मुहूर्त यांची आठवण त्यास करून दिली जाते. वायपर नसलेली गाडी नेण्यास नकार देणारा चालक वरिष्ठांच्या लेखी हेकट ठरतो आणि प्रवाशांच्या लेखी आळशी. उलट अंधारात चाचपडत गाडी वेळेवर पोचवणाऱ्याची आपण पाठ थोपटतो. अशा वातावरणात सावधपणा टिकावा तरी कसा?

कायद्याची भूमिका या बाबतीत निःसंदिग्ध आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०१ अन्वये वाहनाच्या काचेस शक्तीवर चालणारा कार्यक्षम वायपर असणे बंधनकारक आहे. 'कार्यक्षम' हा शब्द येथे महत्त्वाचा. नुसता बसवलेला वायपर पुरेसा नाही. आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम १९० नुसार, ज्ञात असलेला किंवा साध्या काळजीने कळू शकला असता असा धोकादायक दोष असलेले वाहन जो चालवतो तोच केवळ दोषी नसतो; जो ते चालवावयास लावतो आणि जो चालवू देतो, तोही दोषी असतो. चालकाने वहीत लिहिलेला दोष हा 'ज्ञात' दोष होय. त्या नोंदीखाली काही न करता गाडी मार्गावर सोडणारी सही ज्याची, तो अपघातानंतर चौकशीच्या बाहेर राहतो आणि चाकामागे बसलेला मात्र निलंबित होतो, हे न्यायास धरून आहे काय?

आमच्या मागण्या अल्प आहेत. पावसाळ्यापूर्वीची वायपर-तपासणी कागदावर न होता, मे महिन्यात प्रत्येक गाडीच्या काचेवर पाण्याचा मारा करून व्हावी. वायपरचे रबर हे दरवर्षी बदलावयाची वस्तू आहे असे मानून त्याचा साठा मृगापूर्वी प्रत्येक आगारात पोचावा. हवेच्या टाकीतील पाणी रोज सोडले गेले की नाही, याची नोंद पाळीप्रमुखाच्या सहीने राहावी. पावसाळ्याच्या चार महिन्यांत वायपर बंद असलेली गाडी ही ब्रेक नसलेल्या गाडीप्रमाणेच अपात्र समजावी आणि ती नाकारणाऱ्या चालकास लेखी संरक्षण मिळावे. शेवटची गोष्ट अशी की, पावसात झालेल्या प्रत्येक अपघाताच्या चौकशीत वायपरची स्थिती व त्यापूर्वीच्या तक्रारींची नोंद हा एक अनिवार्य रकाना असावा. यांपैकी एकाही गोष्टीस नवा कायदा अथवा मोठा निधी लागत नाही.

भाडेतत्त्वावर गाड्या घेण्याची प्रथा वाढत आहे, त्या दृष्टीनेही हे लवकर व्हावयास हवे. गाडी एकाची, वाहक दुसऱ्याचा आणि मार्ग तिसऱ्याचा अशी जेथे विभागणी होते, तेथे बिघडलेल्या वायपरचे पालकत्व कोणाकडे, हा प्रश्न करारपत्रात सुटलेला असला पाहिजे. दिनांक १ जून २०२२ रोजी त्याच पुणे–अहमदनगर मार्गावर एस. टी. ची 'शिवाई' ही विजेवर चालणारी बस धावली, याचा आम्हांस आनंद आहे. पण डिझेल गेले तरी पाऊस जाणार नाही. आणि यंत्र जेवढे नवे, तेवढी त्याची निगा आपोआप होते, हा समज सर्वांत जुना आहे.

मोठी यंत्रे विकत घेणे पैशाचे काम आहे. लहान यंत्रे चालती ठेवणे हे स्वभावाचे. उद्घाटनाच्या दिवशी गाडीस हार घालणारे हात पुष्कळ मिळतात. श्रावणातल्या एखाद्या रात्री, आंबा घाटाच्या उतारावर, धुक्यातून वाट काढणाऱ्या त्या गाडीतील पन्नास निद्रिस्त जिवांचे रक्षण मात्र काचेवर इकडून तिकडे फिरणारा एकच हात करीत असतो. तो हात चालता ठेवणे हे ज्यांचे काम आहे, त्यांनी ते यंदा मृगापूर्वी करावे.